वाघ शाकाहारी करायचा का?

रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली दहा-बारा पोरं जमतात आणि मी गोष्ट सांगतो. मागे एका ताईंचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "भाऊ, मारामारी, खाऊन टाकणं असलं काही सांगू नका ना. पोरगा रात्री दचकतो." कारण काय, तर भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ!

मीही नको तो शहाणपणा केला. पुढच्या रविवारी वाघाची आणि म्हातारीची मैत्री लावून दिली, दोघांना तूप-रोटी खाऊ घातली. पोरं गप्प. मग एक सहा वर्षांची चिमुरडी म्हणाली, "मंग ती भोपयामा कसाले बसनी?"

काय सांगणार? वाघ खाणार नसेल तर भोपळा कशाला, आणि टुणूक टुणूक तरी कशाला?

2017 साली आपल्या चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, डिसेंबरात त्याला गोळी घातली तेव्हा लोक सुटले. कापूस वेचायला जाणाऱ्या आईची वाट बघत बसलेल्या पोरांना वाघ मित्र असतो हे कोणत्या तोंडाने सांगायचं? (आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.)

"वाघाने खाल्लं" एवढं पोरांना पुरतं. रक्ताच्या चिळकांड्या रंगवत बसणं मलाही पटत नाही, ती सांगणाऱ्याची हौस. पण कार्टूनमधलं मांजर डोक्यात हातोडा बसला तरी दुसऱ्या क्षणी उठून पळतं, त्याबद्दल कुणाचा मेसेज येत नाही. मार बसतो आणि दुखत नाही, हे मला वाघापेक्षा वाईट वाटतं.

आणि काटछाट करताना आपण नेमकं काय कापतो? लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. 1819 मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं. शेवटी राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र तसंच ठेवलं. आईची अब्रू वाचली, सावत्र आई कायमची बदनाम झाली.

आता माझंही सांगतो. हिमगौरी सांगताना मी तिला नुसतं "राणी" म्हटलं, आई नाही की सावत्र आई नाही. पुढे बसणाऱ्या एका पोराची आई गेली, दुसरी आली. ही दुसरीच त्याला दर रविवारी तेल लावून, भांग पाडून पाठवते.

जोडे मात्र घातले राणीला, चांगले लालबुंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही.