त्रैक्य निकियात जन्मलं नाही

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण. ‘हा त्रैक्य शब्द बायबलमध्ये दाखवा’ असं आव्हान हल्ली वारंवार वाचायला मिळतं. शब्द नाही, मान्य. पण लगेच पुढे येतं की इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया या शहरात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत येशूला देव ठरवून घेतलं. हे साफ खोटं आहे. आणि आपली ख्रिस्ती माणसं त्यावर जी उत्तरं देतात, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

कुणी योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७ पुढे करतं: स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. हा मजकूर जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या पहिल्या दोन आवृत्त्यांतही नव्हता, १५२२ च्या तिसरीत आला. सत्याला असल्या कुबड्या कशाला हव्यात? कुणी बर्फ-पाणी-वाफ सांगतं, म्हणजे एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो असं. पण यार्देन नदीत पुत्र बाप्तिस्मा घेतोय, आत्मा उतरतोय आणि पित्याची वाणी ऐकू येतेय, हे सगळं एकाच वेळी!

त्यापेक्षा करिंथकरांस पहिलं पत्र उघडा, ८:६. ते लिहिणारा पौल हाडाचा यहुदी. ‘आपला देव परमेश्वर एकच’ ही बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (६:४) कबुली त्याच्या रक्तात भिनलेली. इ.स. ५५ च्या सुमारास तो मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल लिहितोय, मूर्ती म्हणजे काहीच नाही असं बजावतोय, आणि तिथेच ती कबुली उलगडतो: एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही, एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही. मूर्तिपूजेला विरोध करतानाच तो येशूला त्या एकाच देवाच्या कबुलीत बसवतो. निकियाच्या तब्बल २७० वर्षं आधी! दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या आशीर्वादात तर ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता एका दमात येतात.

निकियातला वाद ‘येशू निव्वळ माणूस की देव’ असा नव्हताच. ज्याच्या शिकवणीवरून वाद पेटला तो धर्मगुरू एरियसही त्याला जगाच्या आधीपासूनचा मानत होता, फक्त निर्माण केलेला म्हणत होता. एरियसचा विरोधक आणि निकियाच्या निर्णयाचा कैवारी अथानासियस, त्याचा सवाल बिनतोड आहे: निर्माण केलेल्याची भक्ती करायची, तर ती मूर्तिपूजा नाही का?

आणि राजकारणच म्हणाल, तर कॉन्स्टंटाइननेच पुढे दहा वर्षांनी त्याच अथानासियसला दूर त्रियर शहरात हद्दपार केलं. मरणापूर्वी बाप्तिस्माही घेतला, तो एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपाच्या हातून.