वीज पडली म्हणून ट्रफल उगवत नाही, मामा

परवा सांगोल्याहून मामाचा फोन. "अरे ते वाळवंटातल्या ट्रफलचं बघ की, आपला माळ नुसता पडूनच आहे." (ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, बटाट्यासारखी दिसणारी खाण्याची बुरशी.) तेव्हाच कळलं की तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड मामापर्यंत पोचलाय. तुम्हालाही आला असेलच: कुवेत-सौदीच्या वाळवंटात वीज कडाडली की बी नाही, झाड नाही, वाळूतून आपोआप ट्रफल येतो, त्याचा रस डोळ्यात घातला की मोतीबिंदू विरघळतो, आपल्या दुष्काळी माळावर लावा, पाणी लागत नाही, एकरी लाखो रुपये. आणि खाली 'बियाण्या'साठी फोन नंबर. मामा पैसे भरायच्या तयारीत होता, म्हणून एवढं लिहितोय.

विजेचं आधी. अरबी लोक ट्रफलला 'गडगडाटाची लेक' म्हणतात हे खरंय, आपल्याकडेही ढग गरजले की अळंबी फुटते म्हणतातच. आणि जपानमध्ये इवाते विद्यापीठात लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन मशरूमचं पीक वाढवलंय, तेही मान्य. पण ती लाकडावर वाढणारी मशरूम, ट्रफल नाही. वाळवंटात वीज येते ती पावसाबरोबर, आणि काम करतो तो पाऊस, तोही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तेव्हा नीट पडला तर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये जमीन फुगते, भेगा पडतात, आणि शोधणारे तिथे उकरतात. सुरुवातीचा पाऊस चुकला की नंतर कितीही गडगडू दे.

आता 'झाड लागत नाही' हे, ज्याने माझं डोकं फिरलंय. झाडाशिवाय हा ट्रफल होतच नाही! कुवेतमध्ये 'रुकरूक' नावाचं गुडघ्याएवढंही नसलेलं झुडूप असतं, हेलियान्थेमम जातीचं. बुरशीचे धागे त्याच्या मुळांशी जोडलेले असतात, ते मातीतलं पाणी आणि फॉस्फरस झुडपाला देतात आणि झुडूप पानांत केलेली साखर त्यांना देतं. बुरशी वर्षभर तिथेच असते, ट्रफल हे फक्त तिचं फळ. म्हणून तर शेळ्या-मेंढ्यांनी, उंटांनी झुडपं ओरबाडली, वरून जीप फिरवल्या, की पाऊस येऊनही ट्रफल येत नाही.

याची शेती होतच नाही असं नाही. स्पेनमध्ये मुर्सिया विद्यापीठाच्या लोकांनी १९९९ मध्ये पहिली लागवड केली आणि २००१ मध्ये पहिले ट्रफल काढले. पण कसे? हेलियान्थेममची रोपं नर्सरीत वाढवली, मुळांना बुरशी लावली, ती खरंच धरली का हे तपासलं, मग शेतात नेली. आणि कोरड्या वर्षी तिथेही पाणी द्यावं लागतं. माती चुनखडीची, पाऊस मुख्यतः शरद ते वसंत ऋतूतला. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, ते झुडूप आपल्या माळावर नाही, मग पाकिटातली पावडर पेरून उगवणार काय?

डोळ्याचं थोडक्यात. ही फार जुनी श्रद्धा आहे, हदीसमध्येही (पैगंबरांच्या वचनांत) उल्लेख आहे, तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. जॉर्डनमध्ये प्रयोगशाळेत ट्रफलच्या अर्काने काही जंतूंची वाढ रोखली हेही खरं, पण ते काचेच्या बशीत. मोतीबिंदू म्हणजे भिंगच गढूळ होतं, ते थेंबांनी साफ होत नाही, ऑपरेशनच लागतं. आणि मातीतून काढलेल्या वस्तूचा कच्चा रस म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात घालायचा? कृपा करून कुणाच्या आईवर हे करून बघू नका.

'फुकटचं सोनं, फक्त वाकून उचलायचं' असंही लिहिलंय त्यात. सीरियात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुखनाजवळ ट्रफल शोधायला गेलेल्यांवर हल्ला होऊन ५० हून जास्त माणसं गेली, शिवाय तिथे सुरुंगांत दर हंगामात जीव जातात. पोटासाठी जातात ती माणसं. आणि भावाचं म्हणाल तर युरोपातल्या काळ्या-पांढऱ्या ट्रफलच्या किमती यांना लावल्यात, हे त्या मानाने खूपच स्वस्त असतात.

मामा, पैसे भरायच्या आधी त्या नंबरवर एवढंच विचारा: कुठल्या झुडपाची रोपं देताय, आणि त्यांच्या मुळांवर बुरशी आहे हे मायक्रोस्कोपखाली दाखवाल का.