प्रतिक्रियेला उत्तर : चारही कॉईल बदलण्याआधी

नमस्कार. ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने बसणारे झटके) शोधायला स्कॅनर, बिघाडाचे कोड, कॉईलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) अदलाबदल हा सगळा फापटपसारा आहे. गाडी चालू ठेवून कॉईलचे कनेक्टर एकेक काढावेत, ज्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला; मग चारही प्लग आणि चारही कॉईल नव्या टाकाव्यात, विषय संपला. शिवाय तुमची गाडी फक्त सीएनजीवर झटके देते, पेट्रोलवर लोण्यासारखी चालते, म्हणून गॅरेजवाल्याने सीएनजी किट बदलायला सांगितलंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचे पैसे वाचू शकतात.

मिसिंग फक्त सीएनजीवर आहे म्हणजे दोष किटचाच, असं नसतं. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल थकलेली असेल, प्लगचा गॅप झिजून वाढला असेल किंवा कॉईलच्या रबरी बूटला तडा असेल, तर तो दोष आधी सीएनजीवर दिसतो आणि पेट्रोलवर लपून राहतो. याच्या उलट, सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर झटके, असं असेल तर ठिणगीला सहसा दोष नसतो. पेट्रोलचे इंजेक्टर (इंधन फवारणारे) किंवा पंप बघायचे. गाडी सतत गॅसवरच पळवली की पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात, त्याचंच हे लक्षण. म्हणजे डॅशबोर्डवरचं ते छोटं बटण दाबून निम्मं निदान फुकटात होतं, आणि नेमकं तेच कोणी वापरत नाही.

पण ही चाचणी लोडखाली घ्या. पाम बीच रोडवर हलक्या पायाने एकाच वेगात गाडी चालवून काही कळणार नाही. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर खोल दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीची खरी परीक्षा होते. बेलापूरचा पारसिक हिलचा चढ चालेल. घोडबंदरला गायमुखचा घाटही उत्तम, फक्त तिथे मोकळा रस्ता मिळवायला पहाटेच उठावं लागेल.

आता कनेक्टर काढण्याबद्दल. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत ही पद्धत चालून जायची. आताच्या गाड्यांत प्लगवरच कॉईल बसते. कनेक्टर काढला की त्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरकडे जाणारा धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जातं, तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळवू शकतं. चालू इंजिनावर अख्खी कॉईलच उपटणं तर त्याहून वाईट. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात. सिलिंडर बंद करूनच बघायचा असेल तर गाडी पेट्रोलवर ठेवा, इंजिन बंद करा, इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि पुन्हा चालू करा. इंधनच गेलं नाही तर जळायला काही उरत नाही. तरीही ईसीयू (इंजिनाचा संगणक) आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची गती) सावरून घेतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर फसायला होतं.

हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर इथे पुरतो. समजा पी०३०२ कोड आला, म्हणजे मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये. (पहिला बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूचा.) थंड इंजिनावर दोन आणि तीनच्या कॉईल आपसांत बदला, कोड पुसा, त्याच चढावर जा. पी०३०३ आला तर कॉईल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगही तसेच आपसांत बदलून बघा. तरी हलला नाही तर प्रश्न इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा आहे, आणि तुमच्या चारही नव्या कॉईल वाया गेल्या असत्या.

सगळं एकदम बदलण्यावर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे: बिघडण्याचं कारण आत तसंच राहतं. प्लग काढल्यावर पांढऱ्या पोर्सेलिनवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून उतरतेय. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात, कारण जुना बूट नव्या प्लगवर तीच रेघ पाडतो. धातूच्या कडेला लागून असलेला तपकिरी पट्टा मात्र निरुपद्रवी. तो बघून प्लग फेकू नका. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर हेड कव्हरचं पॅकिंग गेलंय, आणि ते तेल नव्या कॉईलचा बूटही फुगवेल. पाणी असेल तर पावसाळा किंवा वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप. हवेने सुकवून मगच प्लग खोला, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये.

नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. १४ मिमी आटा आणि ॲल्युमिनियम हेड असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर. गॅप गाडीच्या पुस्तकात असेल तोच, आणि इरिडियमचं टोक तारेच्या ब्रशने घासू नका.

नुसता पी०३०० (मिसिंग आहे, पण कुठल्या एका सिलिंडरमध्ये ते न सांगणारा कोड) असेल तर कॉईलची अदलाबदल करत बसू नका. चारही सिलिंडरला सामाईक असं काहीतरी बिघडलंय. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय) बघा. आयडलला +१५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर कुठून तरी हवा ओढतेय. रेस दिल्यावर ट्रिम आणखी वाढत असेल, तर इंधन कमी पडतंय.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी : सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि कॉईल बंद. तीन सिलिंडर १२ बार आणि एक ९ असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचा गॅप कमी होतो, तोही तपासून घ्या.

चेक लाइट लुकलुकत असेल तर यातलं काहीही करायच्या आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या.

किटला हात लावण्याआधी कॉईलची अदलाबदल करून बघा. सीएनजीवरचा कोड, अदलाबदलीनंतरचा कोड आणि प्लग किती किलोमीटर चाललेत, एवढं इथे लिहा. कोड सिलिंडर सोडून हलला नाही तर मग गॅसचा इंजेक्टर आणि फिल्टर बघू. ते काम मात्र घरी नाही, अधिकृत फिटरकडेच.