कोळी डान्स बसवताय? मग आधी वल्हं मारायला शिका

आज संध्याकाळी नेरूळच्या एका सोसायटीत नारळी पौर्णिमेच्या ‘कोळी डान्स’ची तालीम बघितली आणि डोकं फिरलं. इलॅस्टिकची शिवलेली लुगडी, प्लॅस्टिकच्या टोपल्या, आणि शिकवणारी बाई सांगतेय, “फक्त कंबर हलवा गं, बाकी गाणं सांभाळून घेईल.”

काय सांभाळून घेईल?

कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा. पहिल्या तिनांत अंग पुढे झुकतं, वल्हं पाण्यात जातं. चौथ्या मात्रेला जोर लावून मागे ओढायचं. गुडघा वाकलेला, टाच रोवलेली, ताकद पाठीची. नुसत्या मनगटाने ना होडी सरकते ना नाच दिसतो. रांगेतलं एक माणूस मागे पडलं की वल्ह्यावर वल्हं आपटतं. त्या हॉलमध्ये प्रत्येकीची होडी वेगळ्या बंदराला चालली होती.

मग जाळं टाकायचं म्हणून ओढण्या सरळ पुढे भिरकावल्या. अरे, पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, कडेला शिसं असतं, दोरी मनगटाला असते. घेराचा थोडा भाग खांद्या-कोपरावर घ्यायचा आणि कमरेतून वळून सोडायचा, तेव्हा तो गोल उघडतो. सरळ फेकला तर गुंडाळा होऊन पडतो, खाली मासा कसला सापडतोय!

लुगड्याचंही तेच. नऊवारी, काष्टा घट्ट, गुडघ्यापर्यंतच, कारण चिखलापाण्यात उभं राहायचं असतं. पदर आवळून खोचलेला, खांद्यावर फडकी, म्हणजे वरून घ्यायचं कापड. इलॅस्टिकवाली लुगडी उडी मारली की घसरत होती, त्यामुळे बिचाऱ्या मुली एका हाताने कंबर धरून नाचत होत्या. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी नेसवलंच नाही.

राग याचा येतो की नाच हवा, पण शेजारी सुकट भाजली की ग्रुपवर तक्रारी. आज टॉवर दिसतात तिथे आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच माणसांनी जीव दिला. आमची गाणी त्याच गावांतून येतात, कपड्यांच्या दुकानातून नाही.

आणि आपण आगरी-कोळीही काही कमी नाही. हळदीला धवलारीण, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, धवले, म्हणणारी बाई, मांडवात बसलेली असते. घाणा, हळद, प्रत्येक विधीचा तिचा धवला वेगळा, सगळा तोंडपाठ. वहीत बघून नाही, आईकडून, आजीकडून आलेला. ती सुरुवात करते आणि बाहेर डीजेवाला आवाज वाढवतो. पुढचा विधी कुठला हे तिच्या गाण्यावरून कळतं. तेच ऐकू आलं नाही तर बायका एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहतात.

बरं, मान्य. डीजेवरच्या आपल्या गाण्यांच्या रिमिक्समुळे आपली पोरं कॉलेजात बिनधास्त आगरी बोलायला लागली. तेवढं श्रेय त्याला द्यावंच लागेल.

त्या सोसायटीतल्या ताईंनाही माझा विरोध नाही हो. हौस आहे, मुलींना वेळ देतायत, कोण देतं हल्ली? फक्त तालमीआधी एकदा सारसोळेच्या जेट्टीवर जा, नाहीतर दिवाळे गावच्या मासळी बाजारात. तिथल्या मावशींना म्हणा, लुगडं नेसायला शिकवा. हात धरून शिकवतील. जाताना सकाळची गर्दी ओसरल्यावर जा, धंद्याच्या वेळेला नको. आणि हळदीवाल्यांनो, धवला संपेपर्यंत तो डीजे बंद ठेवा.