रात्री दोन वाजता न्यायचं कुठं?

दादाचा मानसिक आजार उसळतो तो नेमका रात्री. मग दर वेळी तीच टोलवाटोलवी. रुग्णवाहिकेला फोन करावा तर "पेशंट मारतो का? मग आधी पोलीस बोलवा." पोलीस म्हणणार, "घरगुती मॅटर आहे, तुम्हीच आवरा." तालुक्याच्या दवाखान्यात "सोमवारी या, मानसोपचाराचे डॉक्टर तेव्हाच असतात." अहो, आजार काय वार बघून येतो?

वर्षानुवर्षं राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं मोजून चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यातल्या माणसानं काढा भाड्याची जीप, मागच्या सीटवर दोन पुतणे दादाला धरून, रात्रभर. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. हे मी ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगितलं, तर मलाच विचारलं, "तुम्ही वकील का?"

१४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर धीर मिळतो, नाही म्हणत नाही. पण दादाच्या हातातला विळा फोनवरून कसा निघणार? तो वहिनीच काढते. आठ वर्षं झाली, ती बाई सलग झोपलेली नाही. तिची कोणी चौकशी करत नाही. पाहुणे येतात, चहा पितात आणि तिलाच विचारतात, "देवऋषी दाखवला का गं?"