समुपदेशनानं पोरं हळवी होतात म्हणे!

एक मजकूर बरेच दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: कॉलेजातलं समुपदेशन केंद्र हे नवं फॅड आहे. त्यानं पोरं हळवी होतात आणि साध्या टेन्शनलाही आजार म्हणू लागतात. आत्महत्येबद्दल विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. मन मोकळं करायला मित्र पुरेसे आहेत, आणि तिथं बोललेलं घरी कळतंच. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलेलं नाही.

फॅडचं आधी उरकून टाकू. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी अशी सेवा १९१० साली सुरू झाली. मोबाइल तर सोडाच, तेव्हा घरोघरी रेडिओही नव्हता. कॉलेजच्याच वयात याची गरज का, तर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीनुसार ज्यांना आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होतो, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांत त्याची सुरुवात २४व्या वर्षापर्यंत झालेली असते.

हळवेपणाच्या आक्षेपाला मात्र थोडा आधार आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या ८,००० हून अधिक मुलांवर एक मोठी चाचणी झाली. सरसकट सगळ्या वर्गाला सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले. २०२२ साली निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे धडे देऊन भागत नाही, हे खरंच. पण तो वर्गातला तास होता. त्रास होतोय म्हणून स्वतःहून दार ठोठावणाऱ्या मुलीशी बंद खोलीत होणारं बोलणं ही वेगळीच गोष्ट. मजकूर लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

त्या खोलीत गोंजारणं चालतं, हा समजही चुकीचा. समजा, वर्गात सगळ्यांसमोर बोलायच्या भीतीनं एकजण तासच बुडवतोय. तास बुडवला की लगेच हायसं वाटतं, आणि त्यामुळेच पुढच्या वेळी भीती वाढते. जाणता समुपदेशक त्याला ‘नको जाऊस’ म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात नुसतं मागच्या बाकावर बस, मग एक प्रश्न विचार, मग दोन मिनिटं बोल, अशा पायऱ्या दोघं मिळून ठरवतात आणि पुढच्या भेटीत काय झालं ते तपासतात. टाळलेल्या गोष्टीला सामोरं जायचं, हेच तर काम. लाड म्हणायचे तर हे लाड बरेच कष्टाचे आहेत.

साध्या टेन्शनला आजाराचं लेबल लावण्याचं म्हणाल, तर अनेक केंद्रांत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, एकाग्रता, कशातच रस न वाटणं यांचा त्रास किती दिवस झाला, ते विचारतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचच्या खाली गुण आले तर नैराश्याची लक्षणं जवळपास नाहीत असं धरतात. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. ‘हा आजार नाही, परीक्षेचा ताण आहे’ हेही तिथंच कळू शकतं.

आता सगळ्यात घातक दावा. विचारल्यानं आत्महत्येचा विचार येतो का? न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत २,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर हे पडताळून पाहिलं गेलं. काहींना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. २००५ साली निकाल छापून आला: विचारलेल्यांत ना अस्वस्थता वाढली ना तसे विचार. उलट आधीपासून जोखमीत असलेल्यांना त्रास झाला नाहीच, थोडं बरंच वाटलं असावं असं दिसलं. या एका ओळीसाठी तरी तो मजकूर पुढे ढकलू नका. कुणी घाबरून विचारायचंच टाळलं, तर त्या पोरानं बोलायचं कुणाशी?

मित्र हवेतच. कित्येकांना केंद्राच्या दारापर्यंत मित्रच आणतात. पण रात्री दोन वाजता ‘मला जगायचं नाही’ असा मेसेज आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलानं तो भार एकट्यानं का वाहायचा?

राहिली गुप्तता. पहिल्याच भेटीत तिच्या मर्यादा सांगणं हा या व्यवसायाचा नियम आहे. जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं भाग पाडलं तरच माहिती बाहेर जाते, तीही गरजेपुरतीच. मात्र जिथं समुपदेशकच वर्गावर शिकवतो आणि गुणही देतो, तिथं मुलांची भीती रास्त आहे. तिथं नोंदी कुठं ठेवता, कोण वाचतं, हे बेलाशक विचारावं.

तक्रारच करायची तर मनुष्यबळाची करा. समुपदेशन सेवांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असं सुचवते. हजारो मुलांमागे एकच माणूस असेल, तर परीक्षेआधी मदत मागणाऱ्याला परीक्षेनंतरची तारीख मिळते. त्याबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही.