डुक्कर हाकला, पण आधी लॉगिन करा

तुमच्या शेतात रानडुकरं शिरत असतील तर आधी तुमचं अभिनंदन. म्हणजे तुम्ही अजून शेती करताय. घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आणि तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर डबल अभिनंदन, कारण आता सगळं ऑनलाइन झालंय. परवाना ऑनलाइन, नूतनीकरण ऑनलाइन, नुकसानभरपाईही ऑनलाइन. जुन्या पद्धतीने चालणारं फक्त डुक्कर उरलंय. ते अजून रात्री पायी येतं.

गेल्या भातकापणीच्या तोंडावर मी या सगळ्यातून गेलो. अजून पुरता बाहेर आलेलो नाही. तरी मागून येणाऱ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, कायदा वाचा. वाचायला सुंदर आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकारीचे परवाने मिळत होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले आणि कलम ९ खाली शिकारीला सरसकट बंदी आली. उरली ती कलम ११ ची खिडकी. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर कारणं नमूद करून लेखी आदेशाने त्याची शिकार करायला परवानगी देता येते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही (म्हणजे नीलगाय) या दोघांसाठी हा अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणून ठेवलाय. म्हणजे मंत्रालय नाही, नागपूर नाही, तालुक्याच्या पातळीवरच काम. वाचून मला भरून आलं होतं.

फक्त अर्जाच्या नमुन्याकडे लक्ष ठेवा. मला मिळालेल्या छापील नमुन्यात अजून 'अनुसूची ३ मधील रानडुक्कर' असंच लिहिलेलं होतं. कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, सहा अनुसूच्यांच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या, चार झाल्या आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये गेलं. अनुसूची ३ मध्ये आता वनस्पती आहेत. तेव्हा माझं भात कुठल्यातरी संरक्षित झुडपाने खाल्लं, अशी सरकारदरबारी नोंद असण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट, परवान्याचं नूतनीकरण. प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाला एक युनिक नंबर, आणि तो नसेल तर परवाना बाद. कल्पना चांगली आहे. कुणाच्या घरात किती बंदुका आहेत हे सरकारला ठाऊक असलंच पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फॉर्म भरायला तालुक्याला जा, कारण वाडीत रेंज येते ती देवळामागच्या कातळावर, आणि तिथे प्रिंटर नाही. केंद्रात बसलेला मुलगा हुशार असतो. तो विचारेल, "काका, बंदुकीचो मेक काय? मॉडेल?" आता आमच्या बंदुकीवर कंपनीचं नाव नाही. दस्त्यावर पितळेची पट्टी आहे, तिच्यावर एक आकडा ठोकलाय, आणि त्यातला मधला अंक आजोबांच्या आणि वडिलांच्या तळहाताने झिजून गेलाय. परवान्याच्या जुन्या पुस्तकात तोच आकडा कुणा कारकुनाने शाईने लिहिलाय. त्यातला तो सात की एक, हे तीन पिढ्यांत ठरलं नाही. ठरवायची गरजही पडली नाही, दर खेपेला शिक्का बसत होता. संगणकाला मात्र ठरलेलं लागतं. रकाना लाल. मुलाने सात टाकला, लाल. एक टाकला, तरी लाल. मग कार्यालयात जा आणि सदर अंक अमुकच असल्याबाबतचा दाखला आणा. दाखला द्यायचा तर बंदूक समोर बघायला हवी. बंदूक कार्यालयात न्यायची तर परवाना चालू हवा. परवाना चालू करायचा तर फॉर्म पुरा व्हायला हवा. आणि फॉर्म पुरा व्हायला तो दाखला हवा! हे मी टेबलापलीकडच्या साहेबांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टीमच तशी आहे." बरं, शेवटी कुणीतरी शहाण्या माणसाने फोटोवर भागवलं, फॉर्म गेला, पावती निघाली. मी उठायला लागलो, तर म्हणतात, आता याचीच हार्डकॉपी द्या, साक्षांकित, तीन प्रतींत. अहो, आत्ताच अपलोड केलं की! "ते आम्हाला इथे दिसत नाही." मग दिसतं कुणाला? कुणासाठी चढवायचे ते कागद? पूर्वी एक फाइल होती, आता एक फाइल आणि एक वेबसाइट आहे. याला सुलभीकरण म्हणतात, त्याची जाहिरात येते, जाहिरातीत शेतकरी हसत असतो.

अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला लागतो. तो पोर्टल उघडण्याआधी काढून ठेवा. नंतर मिळेलच याची खात्री नाही.

ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर मुलाचा, मुलगा ठाण्यात, मीटिंगमध्ये.

समजा परवाना झाला आणि डुक्कर मारायची परवानगीही हातात पडली. आता जागा बघा. परवानगी तुमच्या शेतापुरती, वनजमिनीत नाही. यात गैर काही नाही, जंगल जनावराचं आहे. पण आमच्याकडे शेत कुठे संपतं आणि वन कुठे सुरू होतं हे विचारायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वनाची व्याख्या रुंदावल्यानंतर कोकणात खाजगी सातबाऱ्यांवरही वनसंज्ञा येऊन बसली. खाली मळ्यात भात, वर डोंगरउतारावर काजूची वरकस, कर आम्ही भरतो, आणि कागदावर तिथे वन. डुक्कर मळ्यात खातं आणि वरकसात जाऊन झोपतं. तेव्हा रात्री बॅटरीच्या उजेडात आधी गट नंबर बघा, मग हिस्सा नंबर, मग इतर हक्काचा रकाना, आणि मग नेम धरा. डुकराला तेवढा वेळ थांबायला सांगा.

आणि ते पडलंच, तर लगेच कळवा आणि त्याला हात लावू नका. कलम ३९ प्रमाणे शिकार झालेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. जिवंत असेस्तोवर शेतकऱ्याचं, मेल्याबरोबर सरकारचं.

मारायचं नसेल तर नुकसानभरपाई घ्या. हा तर राजमार्ग. तीन दिवसांत वनखात्याला कळवायचं, मग पंचनामा. डुक्कर भात नुसतं खात नाही, ही अडचण आहे. ते लोंब्या चघळून चोथा थुंकतं, मग लोळतं, मग पिल्लांना लोळायला शिकवतं, आणि चार गुंठ्यांतल्या उभ्या पिकाचा चिखल करून जातं. फोटोत तो चिखल पावसाने पडलेल्या भातासारखा दिसतो. पंचनाम्याला येणारे बिचारे एका सजेला, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीला, चार गावं सांभाळतात, ते येईतो तुम्ही चिखल ताजा ठेवायचा. त्यात सातबारा सामाईक. त्यावर काका, आत्या, आत्यांची मुलं, वारलेले दोघं आणि त्यांचे न लागलेले वारस. सगळ्यांचं संमतिपत्र हवं. भाऊबंद येतात गणपतीला, तेव्हा भात पोटरीत असतं. डुक्कर येतं ते भात पिकल्यावर. यावर माझा उपाय सोपा आहे. आरती झाली की प्रसाद वाटायच्या आत एक कागद फिरवा: 'आगामी डुकराच्या नुकसानीबाबत आमची हरकत नाही.' सह्या घेतल्यावरच मोदक द्या.

निवडणुकांचं वेळापत्रक स्वयंपाकघरात लावून ठेवा. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. नियमाने यासाठी छाननी समिती असते. कुणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं, कुणाचं नाही, हे तिने एकेक प्रकरण बघून ठरवायचं असतं. आमच्याकडे समिती फार दयाळू, कुणाला वगळल्याचं दुःख देत नाही. २०२४ चीच गोष्ट घ्या. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिली. म्हणजे काजू आणि आंब्याचा अख्खा हंगाम. माकडं माडावर, वानरं कलमांवर, आणि बंदूक ठाण्याच्या कपाटात. पाऊस झाला, भात लागलं, पिकलं, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता! ऐन कापणीला. त्याआधी २०१९ ची विधानसभाही ऑक्टोबरातच. मग जिल्हा परिषद आहे, पंचायत समिती आहे, ग्रामपंचायत आहे. शेतीसंरक्षणाची बंदूक शेतीच्या हंगामात सोडून बाकी वर्षभर घरी असते. ठासणीची बंदूक, बरं का. दारू भरा, गजाने ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, केप लावा, मग एक बार. तेवढ्यात मतदान केंद्रावरची रांग संपेल. हिच्या जोरावर कोण बूथ ताब्यात घेणार आहे? त्या बंदुकीला स्वतः डुक्करसुद्धा फारसं भीत नाही, आवाजाने पळतं इतकंच. तेवढा आवाजच तर हवा असतो आम्हाला!

पावती मात्र जपा. परत आणायला गेलात की पहिल्यांदा तीच मागतात.

आता मस्करी पुरे.

या सगळ्यात सुखात कोण आहे ते बघा. आमच्या पलीकडच्या वाडीत एकजण आहे. त्याच्याकडे परवाना नाही, युनिक नंबर नाही, अनुसूची कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. तो मोटारसायकलच्या क्लचची वायर घेतो, डुकराच्या वाटेवर फासकी लावतो आणि घरी जाऊन झोपतो. त्याला ओटीपी येत नाही. त्याची बंदूक जमा होत नाही. दुसरा कुणी कुंपणात वीज सोडतो, तिसरा खाण्यात गावठी बॉम्ब ठेवतो. फासकीत डुक्कर सापडतं, तसा बिबट्याही सापडतो. कमरेला वायर आवळून रात्रभर ओरडत राहतो, सकाळी गाडी येते, पिंजरा येतो, गाव जमतं, पेपरात फोटो येतो. विजेच्या कुंपणाला चिकटून माणसं मेली आहेत. आणि कायद्याने जो विचारायला येतो, नाव-गाव-फोटो-बोटांचे ठसे घेऊन दारात उभा राहतो, त्याच्याशी तुम्ही चोरासारखं वागता! कारण तो सापडतो. फासकीवाला सापडत नाही, त्याला शोधायला रानात जावं लागतं.

साहेब, हे तुम्हाला सांगतोय. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा निर्णय पंचायतीच्या अध्यक्षांकडे दिला. ते बरं की वाईट यावर भांडता येईल, मलाही सरपंचाच्या हातात सगळं द्यायची हौस नाही. पण तिथे कुणाला तरी निदान एवढं कळलं की डुक्कर रात्री येतं, कार्यालय सकाळी उघडतं. आमच्याकडे अधिकार वनक्षेत्रपालाला दिलाय, मग तो वापरू द्या त्याला! अर्ज आला की हो किंवा नाही सांगा. नाही असेल तर नाही सांगा, कारण लिहा, आम्ही राखणीला माणूस ठेवू, कुंपण घालू, नाहीतर शेत पड टाकू. पण 'प्रक्रियेत आहे' म्हणून कापणी होईतो लटकवून ठेवू नका. अपलोड केलेला कागद पुन्हा मागू नका. लाज वाटत नाही? दोन्ही बाजूंचा पगार देणारं एकच सरकार आणि एका टेबलाचं दुसऱ्याला दिसत नाही! ज्याच्यावर एक साधी तक्रार नाही, ज्याच्याकडे फक्त ठासणीची बंदूक आहे, त्याला छाननीत वगळा. त्यासाठीच ती समिती आहे, सह्या करायला नाही.

आणि मुंबई-पुण्यातल्या भाऊबंदांनो, तुम्हीही हसू नका. 'गावी शेती कुणी करत नाही हो आता' हे तुम्हीच ग्रुपवर लिहिता. बिबट्याचा फोटो आला की रडकी तोंडं तुम्हीच पाठवता. मे महिन्यात येऊन आंब्याच्या पेट्या नेता, जाताना उकड्या तांदळाची पिशवी गाडीत टाकता. तो तांदूळ कुणीतरी रात्र-रात्र मांगरात, शेतातल्या खोपटात, बसून राखलेला असतो. संमतिपत्राचा कागद तुमच्याकडे गणपतीपासून पडून आहे. 'बघतो', 'करतो', 'दादाला विचारतो'. दादा म्हणतो सही केली तर हिस्सा जाईल. नाही जात हिस्सा! डुकराने खाल्लेल्या भातात कसला हिस्सा? सह्या करा आणि पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर नको, इथे मूळ प्रतच लागते.